अंगठा नव्हे, स्वाक्षरी

(सेवाकार्यातील कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



एकलव्याची कथा महाभारताच्या विस्तारात अगदी थोडी जागा व्यापते. परंतु शतकानुशतके ती समाजाच्या मनाला टोचत राहिली आहे. निषादराज हिरण्यधनूचा हा पुत्र धनुर्विद्येच्या ओढीने द्रोणाचार्यांकडे आला आणि नकार घेऊन परत गेला. अरण्यात त्याने गुरूची मातीची मूर्ती घडविली, तिच्यासमोर एकट्याने साधना केली आणि राजपुत्रांनी थक्क व्हावे अशी विद्या संपादन केली. त्यानंतर गुरू त्याच्याकडे आले ते दक्षिणा मागण्यासाठी, आणि त्या दक्षिणेत उजव्या हाताचा अंगठा गेला. व्यासांनी हा प्रसंग झाकून ठेवला नाही. थोरामोठ्यांच्या हातून काय घडू शकते, हे पुढच्या पिढ्यांनी ओळखावे म्हणून तो जसाच्या तसा सांगितला.

या कथेतील एक तपशील सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एकलव्य धनुर्धर झाला, त्याच्याही आधी तो मूर्तिकार झाला होता. ती मूर्ती कशी घडवावी, हे त्याला कोणत्याही आश्रमात शिकविले गेले नव्हते. ती कला त्याच्या हातातच होती. त्याला उणीव होती ती समोर बसून शिकविणाऱ्या आणि शिकवून झाल्यावर अंगठा न मागणाऱ्या गुरूची.

आजच्या विषयाचे सारे सार येथे आले आहे. वनवासी पाड्यांवर, दुष्काळी खेड्यांत, शहरातील वस्त्यांत हातात कला असलेली मुले-मुली आहेत. त्यांना चित्र, शिल्प, वस्त्रकला, संकल्पन अशा क्षेत्रांत स्वतःच्या पायावर उभे करणे हे सेवाकार्य आहे काय, आणि असल्यास ते कसे करावे, याचा विचार करावयाचा आहे. सुदैवाने हा विचार हवेत करावा लागत नाही. गेल्या साठ वर्षांत याच देशात तो प्रयोग झाला आहे. त्याचे यश समोर आहे आणि त्याचे घावही समोर आहेत.

दुष्काळात पोहोचलेला कागद

बिहारच्या मिथिला प्रदेशात घराच्या भिंती रंगविण्याची परंपरा फार जुनी आहे. विवाहप्रसंगी नवदांपत्याच्या कोहबर घरात कमळ, बांबू, मासे अशी वंशवृद्धीची प्रतीके स्त्रिया रेखाटतात. अंगणात अरिपन घालतात. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली, आतल्या भिंती उघड्या पडल्या, तेव्हा विल्यम आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही चित्रे पडली. पुढे त्याने त्यांवर लिहिले आणि जाणकारांना या कलेची ओळख झाली. परंतु ती काढणाऱ्या स्त्रियांच्या जीवनात त्या ओळखीने काडीचाही फरक पडला नाही. चित्र भिंतीवर होते आणि भिंत विकता येत नाही.

फरक पडला तो १९६६-६७ च्या दुष्काळात. हस्तकला क्षेत्राची धुरा वाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी एका मराठी चित्रकाराला मधुबनीच्या परिसरात पाठविले. त्यांचे नाव भास्कर कुलकर्णी. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला हा माणूस. नोकरी आणि प्रतिष्ठा यांचा सरधोपट मार्ग त्यांना खुला होता. ते गावोगाव हिंडले, स्त्रियांच्या हाती कागद दिला आणि भिंतीवर जे काढता तेच यावर काढा, असे सांगितले. ती चित्रे विकत घेतली गेली, राजधानीतील ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि दुष्काळात होरपळणाऱ्या घरांत स्त्रियांच्या हाताने कमावलेला पैसा आला. जगदंबादेवींना १९७५ मध्ये, सीतादेवींना १९८१ मध्ये आणि गंगादेवींना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

या घटनेकडे सेवाकार्याच्या दृष्टीने पाहावे. दुष्काळग्रस्तांना धान्य देणे आवश्यकच असते, आणि ते देणारे हात वंदनीय असतात. परंतु धान्य घेणाऱ्याची मान किंचित खाली असते. चित्राचे मोल घेणाऱ्याची मान ताठ असते. कुलकर्णींनी त्या स्त्रियांना नवे काही शिकविले नाही. त्यांच्याजवळ जे होते, त्याला मोल आहे एवढे त्यांच्या ध्यानात आणून दिले आणि ते मोल त्यांच्या हातात पडेल अशी व्यवस्था उभी राहण्यास हातभार लावला. मार्गदर्शकाचे पहिले काम हेच आहे.

डहाणूचा अबोल मुलगा

मिथिलेनंतर, १९७० च्या दशकाच्या आरंभी, भास्कर कुलकर्णी आपल्या घराजवळच्या प्रदेशात, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू परिसरात पोहोचले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गेरू आणि शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवी रेखाटली जाते, धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि त्यानंतरच विवाह लागतो. म्हणजे ही चित्रे शोभेसाठी नव्हती, तो संस्कार होता.

या परिसरात त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. १९३४ साली जन्मलेल्या जिव्यांची आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले. तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला. स्त्रियांची मानली गेलेली चित्रकला हा पुरुष रोज, सणासुदीवाचूनही, करीत होता. गावाच्या दृष्टीने ते वेडच होते. कुलकर्णींना त्या वेडात कलावंत दिसला.

यापुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांची चित्रे फ्रान्समध्ये मांडली गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले, तेव्हा वारली चित्रकला जगभर पोहोचली होती. परंतु पुरस्कारांपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. म्हसे यांच्या पाठोपाठ त्यांची मुले चित्रकार झाली, पाड्यापाड्यांवर तरुण हातात बांबूची काडी घेऊन बसू लागले, आणि शेती, मासेमारी, मुंगीचे वारूळ, तारप्याभोवतीचा नाच हे सारे कागदावर व कापडावर उतरू लागले. डहाणू-तलासरीकडचा मुलगा मुंबईला मजुरीसाठी जाण्याऐवजी मुंबईतील प्रदर्शनात स्वतःचे चित्र घेऊन जाऊ शकतो, हा मार्ग एका अबोल मुलामुळे खुला झाला, आणि त्या मुलापर्यंत चालत गेलेल्या एका माणसामुळेही.

झाडू ठेवून हाती घेतलेला कुंचला

समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. तिचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर मधुबनीजवळच्या रांटी गावाकडे पाहावे. कागदावरील मिथिला चित्रकला प्रारंभी मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतील स्त्रियांची होती. दुलारीदेवी मल्लाह, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातील. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. बालवयात लग्न झाले, मूल दगावले आणि त्या माहेरी परतल्या. पोटासाठी त्या ज्या घरी केर-लादी करीत, ते घर महासुंदरीदेवींचे होते. महासुंदरीदेवी आणि त्यांच्या जाऊ कर्पूरीदेवी या दोघी नामवंत चित्रकर्ती. काम करता करता दुलारीदेवी त्यांच्या हाताकडे पाहत राहिल्या आणि एके दिवशी त्यांनीही रेषा ओढून पाहिली.

त्या घराने त्यांना हटकले नाही. त्यांना समोर बसवून शिकविले. दुलारीदेवींच्या चित्रांत मिथिलेतील देवदेवता आल्या, त्यांबरोबर मासेमारी करणारी माणसे, शेतमजूर आणि गावचे कष्टकरी जीवनही आले. त्यांची आत्मकथा चेन्नईच्या तारा बुक्सने चित्ररूपात प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन अर्थसंकल्प मांडण्यास उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर दुलारीदेवींनी भेट दिलेली, मिथिला चित्रकारीने नटलेली साडी होती.

महासुंदरीदेवींच्या घरी तेव्हा कोणी समरसतेचा ठराव मांडला नव्हता. केर काढणाऱ्या बाईच्या हातातील गुण ओळखण्याइतकी मनाची मोकळीक मात्र त्या घरात होती. आपल्या घरी धुणी-भांडी करावयास येणाऱ्या मावशींची मुलगी वहीच्या मागच्या पानावर काय काढते, हे किती घरांना ठाऊक आहे? प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. कार्याचा आरंभ दूरच्या अरण्यातच होतो असे नाही.

मजूर स्त्री आणि मारुतीचे चित्र

तिसरे उदाहरण भोपाळचे. १९८२ मध्ये तेथे भारत भवन सुरू झाले. त्याच्या बांधकामावर झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावची भिल्ल समाजातील भूरीबाई मजूर म्हणून ओझी वाहत होती. भारत भवनाच्या रूपंकर विभागाची धुरा ज्येष्ठ चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्याकडे होती. तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात, ते कागदावर काढून दाखवा, असे त्यांनी या मजूर स्त्रियांना सुचविले. डोक्यावरचे घमेले उतरवून भूरीबाईने कुंचला घेतला. पुढे भूरीबाई भोपाळमध्येच मान्यवर चित्रकर्ती म्हणून स्थिरावल्या. दुलारीदेवींना ज्या वर्षी पद्मश्री मिळाली, त्याच २०२१ मध्ये ती भूरीबाईंनाही मिळाली. एक केर काढणारी आणि एक घमेले वाहणारी, यांची नावे एकाच वर्षी राष्ट्रपती भवनातील सन्मानाच्या यादीत आली.

स्वामिनाथन यांनी कलाशाखेच्या तरुणांची पथकेही खेडोपाडी धाडली होती. अशाच एका पथकाला पाटनगढ गावी एका घराच्या भिंतीवर मारुतीचे चित्र दिसले. चित्र काढणारा विशीच्या आसपासचा, परधान समाजातील तरुण होता. त्याचे नाव जनगढसिंह श्याम. परधान हे गोंडांचे कुलगायक. बाना वाजवून बडा देवाची आणि राजघराण्यांची गाणी गाणे हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. यजमान ओसरले तशी गाणीही ओसरली. जनगढांनी ते गाणे रंगांत आणले. देवांना त्यापूर्वी कागदावर रूप नव्हते. ते जनगढांच्या ठिपक्या-रेषांनी दिले. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंती त्यांनी रंगविल्या, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि त्यांच्या शैलीलाच 'जनगढ कलम' हे नाव पडले.

येथे गुरुपरंपरेचा खरा प्रत्यय येतो. जनगढ एकटे मोठे झाले नाहीत. गावाकडचे भाऊबंद त्यांनी भोपाळच्या घरी आणले, त्यांना रंग दिले, काम दिले. त्यांतला एक पुतण्या भज्जू श्याम. शहरात रात्रीची पहारेकरी करणारा हा तरुण काकांच्या हाताखाली चित्रकार झाला. लंडनमध्ये एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी गेल्यावर तेथे जे दिसले ते त्याने गोंड दृष्टीने रेखाटले आणि त्याचे पुस्तक झाले. २०१८ मध्ये भज्जू श्याम यांना पद्मश्री मिळाली. सुभाष व्याम आणि दुर्गाबाई व्याम हेही याच परिवारातले. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मार्गदर्शनाची कसोटी येथेच लागते. शिष्य मोठा झाला का, यापेक्षा तो स्वतः कोणाचा गुरू झाला का, हे पाहावयाचे असते.

यशापाठोपाठ आलेले घाव

ही कथा येथेच थांबविली तर ती टाळ्यांची होईल. परंतु अपुरी राहील. २००१ मध्ये जनगढसिंह श्याम जपानमधील एका संग्रहालयाच्या निमंत्रणावरून चित्रे काढण्यास गेले होते. तेथे, आपल्या माणसांपासून हजारो कोस दूर, त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत-बाहेर होते. त्या मृत्यूच्या कारणांचा कीस काढण्यात औचित्य नाही. परंतु अरण्यातल्या गावातून एका उडीत जगाच्या बाजारात पोहोचणाऱ्या तरुणाला किती एकटेपण सोसावे लागत असेल, याचा विचार मार्गदर्शकाने केलाच पाहिजे. त्याची भाषा वेगळी, अन्न वेगळे, करारपत्र न कळणारे, आणि गावाकडे आता लोक त्याला श्रीमंत समजत असल्याने तेथेही मन मोकळे करता येत नाही. हात धरून पुढे नेणारे पुष्कळ भेटतात. तिकडे गेल्यावर, जेवलास का, परत कधी येतोस, असे विचारणारा कोणी असावा लागतो.

दुसरा घाव रोज आपल्या डोळ्यांसमोर होतो आणि तो कोणाला जाणवतही नाही. वारलीच्या आकृत्या आज कपांवर, पडद्यांवर, कुडत्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, सरकारी पुलांखाली दिसतात. त्यांतील किती आकृत्या वारली हातांनी काढल्या आहेत? यंत्रावर छापलेल्या त्या नक्षीतून पाड्यापर्यंत किती पैसा पोहोचतो? वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मिथिला चित्रकलेलाही मिळाले आहे. परंतु मानांकन वापरणाऱ्याला त्याचे बळ मिळते, ते केवळ कागदावर असून भागत नाही. अस्सल चित्र पाहावयास आलेला मध्यमवर्गीय ग्राहक किंमत ऐकून म्हणतो, 'एवढे? बाजारात तर याहून स्वस्त मिळते.' त्या एका वाक्यात आठ दिवसांची मेहनत मातीमोल होते.

तिसरा घाव स्वाक्षरीचा. परंपरेत चौकावर कोणी नाव घालीत नसे, कारण ते देवीचे काम होते. या नम्रतेचा बाजाराने लाभ उठविला. चित्रकाराकडून चित्र घ्यावयाचे, मोबदला म्हणून मजुरी द्यावयाची, कागदावर अंगठा घ्यावयाचा आणि पुढे त्या चित्रावर विकणाऱ्याचे नाव झळकवावयाचे. अंगठा मागणारे आजही आहेत. आता ते धनुष्यबाण घेऊन येत नाहीत, करारपत्र घेऊन येतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वर सांगितलेल्या कार्यात सरकारी खात्यातील अधिकारी होते, चित्रकार होते, संग्रहालये होती, परदेशी अभ्यासकही होते. स्वामिनाथन तर तरुणपणी साम्यवादी चळवळीत होते. वनवासी बांधवांविषयी ज्यांना सर्वांत जास्त आत्मीयता आहे असे आपण मानतो, त्या आपल्या परिवारात या दिशेने त्या मानाने थोडेच घडले. पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकर यांचा आदर्श समोर होता. हरिभाऊ स्वतः स्वयंसेवक आणि चित्रकार. १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटकाची शैलचित्रे जगासमोर आणली, उज्जैनच्या भारती कला भवनातून विद्यार्थी घडविले आणि १९८१ मध्ये संस्कार भारतीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. अरण्यातील खडकावरची रेषा आणि आजच्या विद्यार्थ्याच्या हातातील रेषा यांचे नाते त्यांनी जाणले होते. त्यांच्या वाटेने चालावयाचे तर पुढील गोष्टी कराव्या लागतील.

पहिली गोष्ट, वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत कलेचे स्थान बदलणे. आज तेथे कला आठवते ती वार्षिक मेळाव्याच्या वेळी. पाहुणे येणार म्हणून भिंत रंगवावयाची, तारपा वाजवावयाचा, आणि पाहुणे गेले की मुलांनी पुन्हा गणिताच्या वहीत डोके घालावयाचे. ज्या मुलाच्या हातात गुण आहे त्याला आठवड्यातून ठरावीक वेळ, चांगला कागद आणि रंग हवेत. शासनाच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय असतात. कलामहाविद्यालयाच्या वाटेवरील ही पायरी. शहरातील मुलांना तिची माहिती असते. चित्रकला शिक्षक नसलेल्या शाळेतील मुलांपर्यंत ती पोहोचविण्यासाठी कोणी निवृत्त कलाशिक्षक महिन्यातून दोन रविवार गेला तरी पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट, वाट एकच नाही हे मुलांना दाखविणे. प्रत्येक जण नामवंत चित्रकार होणार नाही, आणि तसे सांगून मुलांना भुलविणे हे पाप आहे. परंतु अक्षरलेखन, मुद्रणासाठी मांडणी, वस्त्रांवरील संकल्पचित्रे, सचेतपट, नेपथ्य, मूर्तिकाम, कलाशिक्षकाची नोकरी अशी पोट भरणारी क्षेत्रे पुष्कळ आहेत. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हरकामे पोऱ्ये म्हणून शिरलेला एक मुलगा पुढे व्ही. शांताराम झाला. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल त्याच छत्राखाली घडले आणि १९२९ मध्ये या मंडळींनी प्रभात उभी केली. पेंटरांची कंपनी ही कार्यशाळाच होती. पडदे रंगविणे, कपडे शिवणे, यंत्र दुरुस्त करणे, सारे तेथे हातानेच शिकावे लागे. वंचित मुलाला अशी कार्यशाळा मिळणे हे व्याख्यानापेक्षा मोलाचे आहे.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. चित्र काढले त्या क्षणी त्याचा हक्क काढणाऱ्याचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. तो द्यावयाचा तर लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आणि हक्क दिल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये कलावंताकडेच राहतो. परंपरेतील सामायिक आकृत्यांवर कोणा एकाचा हक्क सांगता येत नाही हे खरे. परंतु त्या आकृत्यांतून रचलेले विशिष्ट चित्र त्या कलावंताचेच असते. हे एवढे ज्ञान पाड्यावर पोहोचले तरी अनेक अंगठे वाचतील.

त्याच्याच जोडीला किमतीचा हिशेब शिकवावा. समजा एका चित्राला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांची वीटभट्टीवरील मजुरी किती झाली असती, कापड आणि रंगाला किती लागले, हे वहीत मांडावे. किंमत त्याच्या खाली गेली तर कलावंत स्वतःच्या खिशातून ग्राहकाला देणगी देत आहे. हस्तकला कारागिरांसाठी केंद्र सरकारचे 'पहचान' ओळखपत्र आहे, ते काढून द्यावे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत मूर्तिकार, कुंभार, खेळणी बनविणारे आहेत; चित्रकार मात्र नाहीत. कोणास कोणती योजना लागू पडते, हे पाहून मगच आशा दाखवावी.

चौथी गोष्ट, मर्यादा ओळखणे. काही चित्रे पूजेची असतात. भिल्लांमध्ये पिठोरा लिहिण्याचा मान ठरावीक लिखारांचा असतो. वारली चौक लग्नाचा असतो. काय बाजारात न्यावयाचे आणि काय देवघरात ठेवावयाचे, याचा निर्णय त्या समाजाने करावयाचा आहे. शहरातून आलेल्या मार्गदर्शकाने तो करू नये. तसेच विषय सुचविण्याची घाईही करू नये. वारली मुलाने वाडीतली आगगाडी काढली, मोबाइलचा मनोरा काढला, तर ती परंपरेची हानी नव्हे. ज्या दिवशी तो डोळ्यांनी पाहिलेले काढणे सोडून ग्राहकाला हवे तेच गिरवू लागेल, त्या दिवशी कलेची हानी होईल.

पाचवी आणि अखेरची गोष्ट, टिकून राहणे. तीन दिवसांचे शिबिर घेऊन, गटछायाचित्र काढून परतणाऱ्याला मार्गदर्शक म्हणता येत नाही. एक कार्यकर्ता, एक मुलगा किंवा मुलगी, आणि किमान पाच वर्षे, असे गणित ठेवावे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी, जेव्हा वर्गातील इतर मुलांकडे महागडे रंग असतात आणि याच्याकडे नसतात, तेव्हा बहुतेक गळती होते. त्या वेळी फोन करणारा कोणी असला तर तो मुलगा टिकतो.

पालकांचा प्रश्न

'चित्रे काढून पोट भरते काय?' हा प्रश्न सुखवस्तू घरात विचारला जातो, तसाच झोपडीतही विचारला जातो. परंतु दोन्हीकडे त्याचे वजन सारखे नसते. सुखवस्तू घरातील मुलगा कलेत अपयशी झाला तर वडिलांचे घर असते. झोपडीतील मुलीची दोन वर्षे फुकट गेली, तर धाकट्या भावाची शाळा सुटते. म्हणून त्या आई-बापांच्या शंकेला अडाणीपणा समजू नये. तो त्यांचा अनुभव आहे. त्यांना उपदेश न करता हिशेब दाखवावा. पहिले चित्र विकले गेले की पैसे मुलीच्या आईच्या हातात ठेवावेत. त्या दिवसापासून त्या घरात कलेचा विरोधक उरत नाही. मधुबनीत दुष्काळाच्या वर्षी नेमके हेच झाले होते.

आणि जी कुटुंबे आपल्या घराच्या भिंतीसाठी चित्र घेऊ इच्छितात, त्यांनी एवढे करावे. छापील नक्षी घेऊ नये. चित्र घेताना काढणाऱ्याचे नाव विचारावे, गाव विचारावे, घासाघीस करू नये आणि चित्राच्या कोपऱ्यात स्वाक्षरी आहे की नाही हे पाहावे. नसल्यास आग्रहाने करून घ्यावी. पाहुणे आले तर 'हे वारली आहे' एवढेच सांगू नये. ज्या बाईने किंवा ज्या मुलाने ते काढले, त्याचे नाव सांगावे.

ज्या समाजाने चौसष्ट कला मानल्या, सरस्वतीच्या हाती वीणा दिली आणि नटराजाला देव मानले, त्याच समाजाने त्या कला पिढ्यान्‌पिढ्या जतन करणाऱ्या हातांना पंक्तीबाहेर बसविले. हे ऋण आहे, आणि ते गौरवगीतांनी फिटणारे नाही. एकलव्याचा अंगठा परत देता येणार नाही. परंतु आज कुठल्या तरी पाड्यावर एखादी मुलगी भिंतीवर रेषा ओढते आहे. पाच वर्षांनी तिच्या चित्राखाली तिच्या हाताने, तिच्या अक्षरात, तिचे नाव लिहिलेले असावे, एवढे काम येथे बसलेल्यांपैकी दहा जणांनी अंगावर घेतले, तरी आजचे एकत्र येणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.